किचन बॅचची क्रियापदं

मेथी निवडायला बसलं की पानांपेक्षा देठांचाच ढीग मोठा होतो. शिकवण्याचंही तसंच. शिकवायला जावं शब्द, आणि साठत जातात किस्से!

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पालघरला स्पोकन इंग्लिशचे वर्ग सुरू केले. स्टेशनपासून पाच मिनिटांवर महिला मंडळाचा हॉल आहे, तिथे दुपारी. बँकेतली माणसं आली, कॉलेजची मुलं आली, लग्न ठरलेल्या मुली आल्या. सगळ्यांच्या काही ना काही गमती आहेतच. पण ‘मॅडम, एखादा किस्सा सांगा ना’ असं कुणी म्हटलं की मला किचन बॅचच आठवते. सुरुवात हसत करते मी, शेवट मात्र दर वेळी हसत होईलच असं नाही.

ही बॅच काही ठरवून काढलेली नव्हती. इकडे किनाऱ्याला रिसॉर्टं झाली, तिकडे तारापूरच्या एमआयडीसीत कॅन्टीनं वाढली, आणि स्वयंपाकघरात काम मागायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न इंग्रजीत यायला लागला. हात सगळं जाणतात, पण कान अडतात, अशी माणसं माझ्याकडे यायला लागली. मग मी त्यांचा वर्गच वेगळा केला. व्याकरण नाही, निबंध नाही. फक्त स्वयंपाकघरातली क्रियापदं!

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं: कट, चॉप, स्लाइस, डाइस, मिन्स. प्रत्येकातला फरक हातवारे करून समजावला. समोरच्या बाकावर जयवंती बसली होती. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीला आलेली, मासे सुकवण्यात आणि पालघरच्या बाजारात विकण्यात सगळं आयुष्य गेलेलं. तिने हनुवटीला हात लावून सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, कापलं ना? मग कापलं! बोंबलाला काय फरक पडते, तो चॉप झाला का स्लाइस झाला?”

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, “अगं, मग तू कशाला आलीस इथे?”

जयवंती म्हणाली, “उनात बोंबील सुकवून सुकवून त्याच्याबरोबर मीपन सुकले, मॅडम. आता मला सावलीतली नोकरी पायजे.”

मग फळ्याकडे बोट करून तीच म्हणाली, “हां, ते शेवटचं काय म्हनालात? मिन्स. परत सांगा.”

* * *

रामसजीवन बोईसरहून यायचा. मूळचा उत्तर प्रदेशातला, पण आता बोईसरलाच घर-संसार. तारापूरच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाजी सांभाळायचा. तो वर्गात का आला, ते त्याने स्वतःच उभं राहून सांगितलं.

त्याच्या कॅन्टीनला नवा मॅनेजर आला होता. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, तोंडात सतत इंग्रजी. एके दिवशी मोठ्या टोपात बटाटे उकडून झाले. मॅनेजर लांबूनच ओरडला, “ड्रेन द पोटॅटोज!”

आता रामसजीवनला एकच ड्रेन माहीत. कॅन्टीनच्या मागे सांडपाण्याची नाली होती, तिला सगळे ड्रेनच म्हणायचे. त्याला नवल वाटलं, पण साहेबांचा हुकूम! दोघांनी मिळून टोप उचलला, मागे नेला आणि सगळे बटाटे नालीत ओतले!

मॅनेजर धावत आला. “ये क्या किया?”

“आपने बोला न सर, ड्रेन.”

“अरे, ड्रेन मतलब पानी निकालो!”

“साहब, पानी का तो आपने नाम ही नहीं लिया. नाम तो आलू का लिया था!”

वर्गात हसून हसून जयवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. रामसजीवनही हसत होता. मग खाली बसता बसता म्हणाला, “हँसने की ही बात है, मैडम. पर उस दिन पूरी शिफ्ट ने खाली दाल-चावल खाया. थाली लेके एक-एक आदमी मेरे सामने से गया. किसी ने कुछ बोला नहीं. गाली देते तो अच्छा लगता.”

* * *

लहानू विक्रमगडच्या डोंगरातला. अबोल माणूस. पावसावर पिकणारं छोटंसं शेत. भात कापून झालं की बायको-मुलींना घेऊन वीटभट्टीवर जायचं, ते पुढच्या पावसाला परत. दोन मुली शाळेत घातल्या होत्या, पण दर वर्षी दिवाळीनंतर त्यांची शाळा सुटायची. म्हणून त्याला बारमाही, एका जागेचं काम हवं होतं. कॅन्टीनमध्ये मिळेल असं कुणी सांगितलं, म्हणून तो बोईसरला मेव्हण्याकडे राहून वर्गाला यायचा.

त्या दिवशी मी नवीन क्रियापदं घेतली होती. बीट, व्हिप, क्रश, पाउंड, मॅश. अंडं बीट करायचं, क्रीम व्हिप करायचं, लसूण क्रश करायचा. मी अर्थ सांगत गेले. मारणे, चाबकाने फटकारणे, चिरडणे, ठोकणे.

लहानूने कधी नव्हे तो हात वर केला. “मॅडम, हे लोक जेवन बनवतात का मारामारी करतात?”

काय हशा पिकला! मला इतका आनंद झाला की लहानू बोलला एकदाचा. मी म्हटलं, “चला, मग पहिलं वाक्य तुमचंच. म्हणा, आय बीट द एग.”

तो उभा राहिला. “आय...” म्हणाला आणि थांबला. मला वाटलं, विसरला. मी पुन्हा म्हणून दाखवलं. तो खाली बघत राहिला.

मग म्हणाला, “भट्टीवर मुकादम माज्या बापाला मारायचा. आमी पोरं विटांच्या थप्पीमागून बगायचो. शब्द येते मला मॅडम. तोंडातून काडायला नको वाटते.”

मागच्या बाकावरून रामसजीवन म्हणाला, “अरे भाई, तो ‘व्हिस्क’ बोल न! मैडम ने वो भी तो पढ़ाया है. काम वही है.”

लहानूने जरा विचार केला. मग उभा राहून स्पष्ट म्हणाला, “आय व्हिस्क द एग.”

जयवंतीने टाळी वाजवली. त्या दिवसापासून माझ्या वर्गात अंड्याला कुणी बीट करत नाही. मीसुद्धा नाही!

* * *

जयवंतीला एका रिसॉर्टमधून मुलाखतीला बोलावणं आलं. नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, पायात मुलीच्या चपला. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिची उजळणी घेतली. स्केल म्हणजे खवले काढणे, गट म्हणजे पोट साफ करणे, फिले म्हणजे काटा काढून तुकडा. सगळं पाठ!

तिथे टेबलामागे दोन साहेब बसलेले. एकाने विचारलं, “हाउ विल यू ड्रेस द पापलेट?”

मासा साफ करून तयार करणे यालाही इंग्रजीत ‘ड्रेस’ म्हणतात, हे मी शिकवायचं होतं, ते पुढच्या आठवड्यात! जयवंतीने ड्रेस ऐकला आणि तिला वाटलं, साहेब थट्टा करतोय. पण साहेब गंभीर. मग तीही गंभीरपणे म्हणाली, “नो ड्रेस, सर. ओन्ली बाथ!”

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. बाहेरच्या माणसालाही आत बोलावून त्यांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं. “कळवतो” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात येऊन आपल्या जागेवर बसली. सगळे विचारायला लागले, काय झालं, काय झालं. तिने सगळं सांगितलं, अगदी साहेबाच्या हसण्याची नक्कल करून. आम्ही पोट धरून हसलो. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, “लय खूश झाले ते. मला वाटलं, आता घेतात. पन माणूस हसला म्हनजे घेतलाच असा नाय.”

तिथून काही कळवलं गेलं नाही. पुढे पालघरमधल्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये तिला काम मिळालं. डोक्यावर पक्कं छप्पर. पहिल्या दिवशी तिने मला फोन केला. “मॅडम, हितं वर पंखा पन हाय!” एवढंच बोलली आणि ठेवून दिला. वर्गाला मात्र ती सुट्टीच्या दिवशी येतच राहिली.

* * *

लहानूला शेवटी रामसजीवननेच आपल्या कॅन्टीनमध्ये चिकटवलं. पहिल्याच दिवशी तोच मॅनेजर सॅलडचं मोठं भांडं दाखवून लहानूला म्हणाला, “टॉस इट!”

क्रिकेटमुळे टॉस कुणाला माहीत नाही? वर उडवायचं! लहानूने भांड्याला हात घातला आणि मॅनेजरची पाठ वळल्यावर हळूच रामसजीवनकडे बघितलं. रामसजीवनने जागच्या जागी दोन्ही हात जोडले.

“फेंकना नहीं भाई, हल्के से मिलाना है. इस कॅन्टीन में एक बार मैं फेंक चुका हूँ, उतना बहुत है!”

त्या वर्षी दिवाळीनंतर लहानूच्या मुली शाळेत गेल्या. बोईसरच्या शाळेत. ते सांगायला तो पेढे घेऊन आला होता. वर्गात पेढे वाटले, पण तोंडाने काही बोलला नाही. कशाबद्दल ते रामसजीवननेच सांगितलं.

* * *

याच बॅचमध्ये हेमलताताई होत्या. पाम गावच्या. पासष्टीच्या पुढच्या, सुती पातळ, कपाळाला ठसठशीत कुंकू. रिक्षाने बोईसरला येऊन पुढे पालघरला यायच्या, दारापाशी बसायच्या आणि वर्ग सुटला की सगळ्यांच्या आधी निघायच्या.

त्यांचं विचारणं सगळ्यांपेक्षा उलटं असायचं. बाकीचे विचारत, “मॅडम, मंद आचेवर ठेवणे याला काय म्हणायचं?” हेमलताताई विचारत, “मॅडम, कुणी सिमर म्हणालं, तर त्याला काय हवं असतं?”

वर्गात कुजबुज सुरू झाली. या वयात एवढ्या लांबून येतात, म्हणजे नक्कीच बाहेरदेशी चालल्या. मुलाकडे असतील, नाहीतर गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला. एकदा जयवंतीला राहवेना. तिने सरळ विचारलं, “कंच्या देशात चाललाव गो ताई?”

हेमलताताई पिशवी उचलत म्हणाल्या, “घरातच.”

* * *

खरं काय ते एकदा त्यांनी मला घरी बोलावलं, तेव्हा कळलं. त्यांचे यजमान जगन्नाथराव बोटीवर कुक होते. मालवाहू बोटी, जगभर फिरणाऱ्या. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि सेकंड कुकपर्यंत पोचले. हुद्दा तिथेच थांबला; शेवटपर्यंत वरच्या शेफचे हुकूम झेलत राहिले. वर्षातून दोन-तीन महिने घरी. “आले की पाहुण्यासारखे असायचे,” हेमलताताई सांगत होत्या. “पाणीसुद्धा हातात द्यायचं. इथे कधी चमचा हलवला नाही त्यांनी. तिकडे काय रांधायचे, मला माहीत नाही. आणि मी कधी विचारलंही नाही.”

नोकरी संपवून ते कायमचे घरी आले. बागेत नारळी, चिकू, सगळं छान चाललं होतं. आणि एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मराठी अजिबात येईना. बायकोचं नाव येईना, मुलीचं येईना. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, एखादा शब्द कुठल्या दाराने परत येईल सांगता येत नाही.

एक दिवस शब्द आला. खिडकीपाशी बसले होते, हेमलताताई अंगण झाडत होत्या. त्यांच्याकडे हात करून जगन्नाथराव म्हणाले, “ग्रेट!”

हेमलताताई सांगताना अजून लाजत होत्या. “मला वाटलं, मला म्हणतायत! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ग्रेट, ग्रेट, दिवसभर तेच. मी शेजारी जाऊन सांगून आले हो, हे मला ग्रेट म्हणतात!”

दोन दिवसांनी वसईची मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. तिने बघितलं, बाबांचा हात आईकडे नाहीच. आईच्या मागे नारळ पडलेत, त्यांच्याकडे आहे. ती म्हणाली, “आई, ग्रेट म्हणजे किसणंसुद्धा असतं. बाबा खोबरं किसायला सांगतायत तुला!”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. किसलं खोबरं. आणि तुमच्या क्लासचा पत्ता काढला.”

जगन्नाथराव खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते. मला बघून म्हणाले, “सर्व्ह.”

“तुम्हाला चहा द्या म्हणतायत,” हेमलताताई म्हणाल्या.

हळूहळू मला त्या घरातली भाषा कळायला लागली. कव्हर म्हणजे पांघरूण द्या. टर्न म्हणजे कूस बदलून द्या. बर्न म्हणजे पायांची आग होते. ड्राय म्हणजे तहान लागली. एका वेळी एकच शब्द, तोही बोटीवरच्या स्वयंपाकघरातला. आणि संध्याकाळी त्यांची खुर्ची ओट्यापाशी लावली की पील, स्लाइस, स्टर. ते सांगणार आणि या करणार. आयुष्यभर ते दुसऱ्यांना जे करून घालत होते, ते पहिल्यांदा पामच्या घरात शिजत होतं.

मला निरोप द्यायला हेमलताताई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, “मॅडम, कुणाला सांगू नये, पण लग्नानंतर एवढं बोलणं आमचं आत्ताच व्हायला लागलंय.”

* * *

पुढे हेमलताताई लागोपाठ काही दिवस वर्गाला आल्या नाहीत. फोन लावला तर लागेना. जयवंती म्हणाली, “मॅडम, जाऊन बगूया.” आम्ही दोघी पामला गेलो.

दार उघडंच होतं. हेमलताताई पलंगावर पडल्या होत्या. डोळे लाल, अंगावर दोन गोधड्या. फोन बंद होऊन उशाशी पडलेला. ताप चढ-उतार करत होता. गोळ्या चालू होत्या, मुलगी संध्याकाळी पोचणार होती. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आणि ओट्यापाशी जगन्नाथराव उभे होते! लुळा उजवा हात छातीशी, कंबर ओट्याला टेकलेली, काठी बाजूला लावून ठेवलेली. डाव्या हाताने पातेल्यात तांदूळ धुत होते.

जयवंती पदर खोचून पुढे धावली. पलंगावरून हेमलताताईंनी हात वर केला, “थांब गं. करू दे त्यांना.”

आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो.

हेमलताताईंचा आवाज तापाने बसला होता. पण एकेक शब्द मोकळा, मी वर्गात म्हणून घ्यायचे तसा. “अहो, वॉश. अजून एकदा वॉश.”

त्यांनी पाणी ओतून टाकलं, पुन्हा घातलं.

“आता बॉइल.”

लायटर डाव्या हाताने पेटेना. एकदा, दोनदा, जयवंतीचे हात नुसते शिवशिवत होते. तिसऱ्यांदा पेटला. पातेलं ठेवताना थोडं पाणी सांडलं. त्यांनी फडक्याने आधी ओटा पुसला, मग चमचा घेतला.

“स्टर. स्लो. हां, स्लो.”

पेजेला उकळी यायला लागली. वास सुटला. फेस वर चढत चढत पातेल्याच्या काठाशी आला आणि हेमलताताई कोपरावर उठून बसल्या. “अहो, सिमर! सिमर!”

त्यांनी गॅस बारीक केला. फेस खाली बसला. ते चमचा ओट्यावर ठेवून वळले. वळायला वेळ लागला. बोटीवर मोठ्या साहेबासमोर उभं राहत असतील तसे, जमेल तेवढे ताठ उभे राहिले. डावा हात मांडीशी सरळ. झटक्यापासून त्यांच्या तोंडून कधी दोन शब्द जोडून आले नव्हते.

पलंगाकडे बघून जगन्नाथराव खणखणीत आवाजात म्हणाले, “येस, शेफ!”